लिस्टमधल्या आकड्यांची बेरीज: लूप लिहायचा की तयार फंक्शन वापरायचं?

हळदपेठ | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत मार्केट यार्डात एका अडत पेढीवर कामाला आहे आणि संध्याकाळी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. प्रश्न दोन आहेत.

पहिला. लिस्टमध्ये आकडे आहेत, त्यांची बेरीज हवी. क्लासमधले सर म्हणतात, लूप लिहा. व्हेरिएबल शून्य धरा, एकेक आकडा घ्या आणि त्यात मिळवत जा. माझा मावसभाऊ हिंजवडीत नोकरी करतो. तो म्हणतो, 'सम' हे फंक्शन तयार असताना लूप कशाला? एका ओळीचं काम आहे. मला मावसभावाचं पटतं.

दुसरा. हंगामातल्या हळदीच्या ४१२ पट्ट्या (शेतकऱ्याला देतो त्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) मी एका फाइलमध्ये भरल्या. प्रत्येक पट्टीत वजन किलोत आणि दर क्विंटलचा. वजन गुणिले दर भागिले शंभर, मग सगळ्यांची बेरीज. कपाती यात धरलेल्या नाहीत. कॉम्प्युटर सांगतो ६१,४८,२०७.३५. आमच्या दिवाणजींच्या वहीत ६१,४८,२०३. लूपनं केलं तरी तेच, सम वापरलं तरी तेच. दिवाणजींची बेरीज चुकल्याचं पेढीवर कुणी ऐकलेलं नाही. मग हे ४ रुपये ३५ पैसे आले कुठून?

सेमीकोलन | सोमवार, रात्री ९:५२

सम वापर. विषय संपला.

विटेकर_पुण्यात | सोमवार, रात्री १०:०५

मावसभावाला नमस्कार सांग, बरोबर बोलतोय तो. तयार फंक्शन हजारो लोकांनी तपासलेलं असतं. तू लिहिलेला लूप फक्त तू तपासलेला असतो. शिवाय वाचणाऱ्याला एका शब्दात कळतं की इथे बेरीज चालली आहे. लूप दिसला की आत काय काय चाललंय ते पूर्ण वाचावं लागतं.

फरकाचं कारण म्हणजे फ्लोट, दशांश आकडे ठेवायची कॉम्प्युटरची नेहमीची पद्धत. कॉम्प्युटरला दशांश अपूर्णांक नीट ठेवता येत नाहीत. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघ, ०.३०००००००००००००००४ येतं. तुझ्या ४१२ पट्ट्यांत असे कण साठत गेले असणार. त्याऐवजी डेसिमल (दशांश जसेच्या तसे ठेवणारा प्रकार) वापर, सुटेल.

वर्गातला_फळा | सोमवार, रात्री १०:३१

मी मिरजेत प्रोग्रामिंग शिकवतो, म्हणून त्या सरांच्या बाजूनं लिहितो.

सम वापरू नका असं कुठलाच शहाणा शिक्षक म्हणणार नाही. पण पहिल्या महिन्यात लूप लिहून घेतलाच पाहिजे. त्या लूपमध्ये शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे आणि ती मोठी आहे: कुठल्याही क्षणी लूप थांबवा, व्हेरिएबलमध्ये आत्तापर्यंत पाहिलेल्या सगळ्या आकड्यांची बेरीज असते. सुरुवातीला काहीच पाहिलेलं नाही म्हणून शून्य. प्रत्येक फेरीला एक आकडा पाहिला, एक मिळवला, वाक्य पुन्हा खरं झालं. शेवटी सगळे पाहून झाले म्हणून ती पूर्ण बेरीज. ज्याला हे नीट सांगता येतं त्याला पुढे सगळ्यात मोठा आकडा शोधणं, सरासरी, मोजणी, सगळं एकाच विचारातून येतं. ज्यानं फक्त सम पाठ केलं, तो 'फक्त पन्नास किलोच्या वरच्या पोत्यांची बेरीज कर' म्हटलं की अडतो.

मुलांना एक गोष्ट हमखास नडते. व्हेरिएबललाच 'सम' नाव देतात आणि पुढे त्याच फाइलमध्ये सम फंक्शन वापरायला जातात. आता सम हा एक आकडा झालेला असतो, तो फंक्शनसारखा चालत नाही आणि एरर येते. पायथनमध्ये नाव देवनागरीतही चालतं, 'बेरीज' लिहा. माझ्या वर्गात तोच नियम आहे.

भडंग | सोमवार, रात्री १०:३८

सर, देवनागरीत व्हेरिएबल? मग 'बेरीज' आणि 'बेरिज' अशी दोन व्हेरिएबल होतील आणि शुद्धलेखनाचे मार्क कोडमध्ये कापले जातील. :)

वर्गातला_फळा | सोमवार, रात्री १०:४१

@भडंग, होतातच. निदान त्या निमित्तानं शुद्धलेखन सुधारतं!

शून्यापासून | मंगळवार, सकाळी ७:१५

मी पलूसहून. शिकतेय म्हणून विचारते, लिस्ट रिकामी असेल तर काय? बेरीज शून्य म्हणायची की बेरीजच नाही म्हणायची?

सेमीकोलन | मंगळवार, सकाळी ८:०२

@शून्यापासून, पायथनचं सम शून्य देतं. जावास्क्रिप्टमध्ये रिड्यूस (यादीतले आकडे एकेक करून मिळवत नेणारं फंक्शन) वापरलं आणि सुरुवातीची किंमत दिली नाही, तर रिकाम्या ॲरेवर (तिथली लिस्ट) एरर येते. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, आणखी वेगळं: एकही ओळ सापडली नाही तर सम शून्य देत नाही, नल ('किंमतच नाही') देतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याचा माल आलाच नाही, त्याची बेरीज शून्य हवी असेल तर कोअलेस (नलच्या जागी दुसरी किंमत देणारं फंक्शन) वापरून ती शून्य करावी लागते. मी रिपोर्ट लिहिण्याचं काम करतो आणि ही गोष्ट दर नव्या माणसाला सांगावी लागते.

रिकाम्याची बेरीज शून्यच असली पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. एका यादीचे दोन भाग करा, दोन्हींची वेगळी बेरीज करा आणि मिळवा. उत्तर पूर्ण यादीइतकंच यायला हवं. एक भाग रिकामा निघाला तरी हे टिकायचं असेल तर त्याची बेरीज शून्यच लागते. सरासरीचं तसं नाही, रिकाम्याची सरासरी नसतेच.

शून्यापासून | मंगळवार, सकाळी ८:१०

कळलं. दोन भागांचं उदाहरण छान आहे, वहीत लिहून घेतलं. धन्यवाद दादा.

जतकर | मंगळवार, सकाळी ९:२७

सी प्लस प्लसवाल्यांसाठी एक सांगतो. तिथं अक्युम्युलेट नावाचं फंक्शन आहे. त्याला सुरुवातीची किंमत द्यावी लागते. लोक नुसतं शून्य देतात. ते शून्य पूर्णांक आहे, म्हणून बेरीज ठेवायची जागापण पूर्णांकाचीच होते. तीन पोती घ्या: ५०.३, ४९.५ आणि ५०.१ किलो. खरी बेरीज १४९.९. अक्युम्युलेट म्हणणार १४९. प्रत्येक पायरीला दशांश कापत जातं आणि एरर काही येत नाही. शून्याच्या जागी ०.० लिहिलं की सुटलं.

पोत्यामागं पाव-अर्धा किलो गेला तर शेतकरी काय म्हणंल? रानात राबणाऱ्याचं वजन आहे ते. असलं कापाकापीचं कोड बघितलं की मला लई राग येतो.

विटेकर_पुण्यात | मंगळवार, सकाळी ९:४०

@जतकर, एक नंबर. जावातही तशीच जागा आहे. रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नये म्हणून लोक ती रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवतात, ते योग्यच. पण मग ३२ बिटांच्या इंटमध्ये (पूर्णांकाच्या जागेत) बेरीज करतात. त्याची हद्द २१४,७४,८३,६४७. पैशांत म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. मोठ्या पेढीची हंगामातली उलाढाल तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. हद्द ओलांडली की बेरीज एकदम उणे होते, कुठलीही सूचना न देता. लाँग (६४ बिटांचा पूर्णांक) वापरायचा. पायथनमध्ये पूर्णांकाला अशी हद्दच नाही, पण नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीत आहे, कारण तिथले आकडे ठरावीक बिटांचे असतात.

तासगावची_पोर | मंगळवार, सकाळी १०:१८

माझा मुद्दा वेगळा आहे. फाइलमधून वाचलेली वजनं खरंच आकडे आहेत का, की अक्षरं? सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची) वाचली की पायथन सगळं अक्षरांच्या रूपातच देतो. पायथनचं बरं आहे, सम लगेच एरर देऊन थांबतं. जावास्क्रिप्ट थांबत नाही. शून्यात '५०.३' आणि '४९.५' ही अक्षरं मिळवली तर '०५०.३४९.५' अशी एक लांबलचक अक्षरमाळ हातात येते.

आणि एक्सेलमध्ये तर आणखी गुपचूप. आकडा टेक्स्ट म्हणून साठलेला असेल तर रेंज दिलेला सम त्याला सोडून देतो. बेरीज येते, पण कमी येते. तसा आकडा बहुतेक वेळा सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसतो, तेवढीच खूण.

आमच्याकडे बेदाण्याच्या नोंदी घरची मोठी माणसं देवनागरी आकड्यांत टाइप करतात. गंमत म्हणजे पायथनच्या फ्लोटला '५०.३' देवनागरीत दिलं तरी ते बरोबर वाचतं. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र नॅन ('हा आकडा नाही') देतं, आणि एक नॅन बेरजेत शिरला की पूर्ण बेरीज नॅन होते. म्हणून मी बेरजेच्या आधी नेहमी मोजते: किती ओळी आल्या, त्यातल्या किती खऱ्या आकड्यांच्या निघाल्या. हे दोन सारखे नसतील तर पुढे जायचंच नाही.

कृष्णाकाठ | मंगळवार, दुपारी १२:५०

वरचं वाचून पावसाच्या नोंदींची आठवण झाली. मी रोजच्या पावसाचे आकडे गोळा करतो. काही तयार फाइलींमध्ये ज्या दिवशी नोंद झाली नाही तिथे रिकामी जागा न ठेवता उणे ९९९ लिहिलेलं असतं. सरळ सम मारला तर भर जुलैत महिन्याचा पाऊस उणे निघतो. निदान तेव्हा कळतं तरी. काही ठिकाणी उणे १ लिहितात, ते बेरजेत बेमालूम मिसळून जातं.

विषय निघालाच आहे तर एक आवडती गोष्ट लिहितो. पावसाळ्यात आपल्याकडचे पेपर कोयना, नवजा आणि महाबळेश्वरचे दोन आकडे छापतात: चोवीस तासांतला पाऊस आणि १ जूनपासूनचा एकूण. आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की आम्ही काठावरचे लोक पहिला आकडा बघतो. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी दुसरा आकडा सोन्याचा आहे.

समजा १२ जुलै ते २० जुलै या दिवसांचा पाऊस हवा. रोजचे आकडे असतील तर नऊ आकडे मिळवा. एकूण पावसाचे आकडे असतील तर २० जुलैच्या एकूणमधून ११ जुलैचा एकूण वजा करा, झालं. दिवस नऊ असोत की नव्वद, एकच वजाबाकी. अशी चढती बेरीज एकदा तयार करून ठेवली की कुठल्याही दोन तारखांमधला पाऊस लगेच सांगता येतो. पायथनमध्ये आयटरटूल्सच्या अक्युम्युलेटनं ती एका ओळीत होते. नाव तेच, पण जतकरांच्या अक्युम्युलेटसारखं हे फक्त शेवटची बेरीज देत नाही, वाटेतल्या सगळ्या बेरजा देतं.

वर्गातला_फळा यांनी लिहिलंय ना, लूप कधीही थांबवा, आत्तापर्यंतची बेरीज हातात असते. ती प्रत्येक पायरी जपून ठेवली की हेच होतं.

वर्गातला_फळा | मंगळवार, दुपारी १:३०

@कृष्णाकाठ, हे उदाहरण उद्याच वर्गात घेतो. पेपरचं कात्रण घेऊनच जातो.

आटपाडीचा_ऊन्हाळा | मंगळवार, दुपारी १:४४

आमच्याकडं १ जूनपासूनची बेरीज करायला लूपची गरज पडत नाही राव, तोंडीच होते.

भडंग | मंगळवार, दुपारी १:५०

धागा वाचता वाचता पुडी संपली. कुणीतरी हळदपेठच्या ४ रुपये ३५ पैशांवर या आता.

विटेकर_पुण्यात | मंगळवार, दुपारी २:०५

त्याचं उत्तर कालच दिलंय की. फ्लोट. हवं तर सविस्तर लिहितो. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत संपतच नाही, आपल्याकडे एक तृतीयांश जसा ०.३३३ करत चालत राहतो तशी. त्यामुळे ती कुठेतरी तोडून ठेवावी लागते. पायथनच्या जुन्या आवृत्त्यांत ०.१ दहा वेळा मिळवलं तर १ न येता ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. यावर विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये एक सुंदर उपाय छापला: प्रत्येक बेरजेत जो बारीक भाग गळून पडतो तो वेगळ्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवायचा आणि पुढच्या बेरजेत परत घ्यायचा. फ्लोटचं १९८५ चं आयईईई ७५४ हे मानक तयार करण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. पायथनमध्ये मॅथमधलं एफसम काटेकोर बेरीज देतं, आणि ३.१२ आवृत्तीपासून साधं समसुद्धा याच जातीची पद्धत वापरतं.

म्हणून मित्रा, एफसम नाहीतर डेसिमल.

जुनी_खतावणी | मंगळवार, दुपारी ४:२०

मी निवृत्त दिवाणजी. मुलाकडून शिकून थोडं पायथन करतो, वहीतल्या जुन्या नोंदी तपासायला उपयोग होतो. सगळ्यांचं वाचलं. फ्लोटबद्दल जे लिहिलंय ते खरंच आहे, पण या फरकाशी त्याचा संबंध नाही, आणि तसं ठामपणे सांगता येतं.

आधी फरकाचा आकार बघा. फ्लोटमध्ये साधारण पंधरा-सोळा अंक नीट राहतात. एकसष्ट लाखांच्या आसपासच्या बेरजेत शेजारच्या दोन फ्लोटमधलं अंतर एका रुपयाच्या सुमारे शंभर कोटीव्या भागाइतकं असतं. ४१२ वेळा मिळवलं आणि प्रत्येक वेळी गळती एकाच बाजूला झाली असं धरलं, तरी एकूण चूक एका पैशाच्या दहा हजाराव्या भागाइतकीही भरत नाही. त्यातून चार रुपये निघणार कसे? फरक दिसला की फ्लोटवर टाकायची सवय चांगली नाही. त्यानं खरं कारण तसंच राहतं.

आता दोन्ही बेरजा परत वाचा. कॉम्प्युटरची ६१,४८,२०७.३५. दिवाणजींची ६१,४८,२०३. दिवाणजींच्या बेरजेत पैसेच नाहीत! ४१२ पट्ट्या, वजनं दशांशात, आणि बेरीज पूर्ण रुपयांत? योगायोगानं असं होण्याची शक्यता फार कमी. म्हणजे ते प्रत्येक पट्टी रुपयात पूर्ण करून मग वहीत चढवतात. आमच्या पेढीवरही तीच रीत होती, कारण शेतकऱ्याच्या हातात पट्टीवरचा आकडा पडतो. पन्नास पैसे आणि वर असेल तर पुढचा रुपया, त्याखाली असेल तर सोडायचे.

तीन छोटे लॉट घ्या, दर समजा क्विंटलला १४,३५०. ५०.३ किलोचे ७,२१८.०५, ४९.५ किलोचे ७,१०३.२५ आणि ५०.१ किलोचे ७,१८९.३५. आधी बेरीज करून शेवटी पूर्ण केलं तर २१,५१०.६५, म्हणजे २१,५११. आधी प्रत्येक पट्टी पूर्ण करून मग बेरीज केली तर ७,२१८ अधिक ७,१०३ अधिक ७,१८९, म्हणजे २१,५१०. एक रुपयाचा फरक तीन पट्ट्यांत. दोघांपैकी कुणाचंही मिळवणं चुकलेलं नाही.

४१२ पट्ट्यांत हा फरक जास्तीत जास्त २०६ रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण काही ठिकाणी पैसे सुटतात, काही ठिकाणी वाढतात, त्यामुळे बरंचसं एकमेकांत फिटतं आणि साधारण पाच-सहा रुपये इकडे किंवा तिकडे उरतात. तुमचे ४ रुपये ३५ पैसे बरोबर त्यात बसतात.

दिवाणजींना विचारून घ्या, पट्टी पूर्ण करता का म्हणून. मानानं विचारा.

विटेकर_पुण्यात | मंगळवार, दुपारी ४:४५

काका, मान्य. पैसे नसलेली बेरीज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी आकाराचा हिशेब मांडलाच नव्हता. उत्तर बदलतो: एफसमनं इथे काहीच फरक पडणार नाही.

जतकर | मंगळवार, सायंकाळी ५:१०

काकांनी नाद खुळा केला.

सेमीकोलन | मंगळवार, सायंकाळी ५:३२

कुठल्या पायरीवर पूर्ण करायचं यावरून केवढा अनर्थ होतो याचं एक नोंदलेलं उदाहरण आहे. कॅनडात व्हँकुव्हरच्या शेअर बाजारानं १९८२ मध्ये १,००० पासून एक निर्देशांक सुरू केला. प्रत्येक सौद्यानंतर तो नव्यानं काढायचा आणि तीन दशांश ठेवून पुढचे अंक कापून टाकायचे. पूर्ण करायचे नाहीत, कापायचे. म्हणजे चूक कायम एकाच बाजूला, दिवसात हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास उतरला होता. दुरुस्त करून काढला तेव्हा १,०९८ च्या वर निघाला. बाजार वाढला होता आणि फळ्यावर तो निम्म्यावर आलेला दिसत होता.

काकांच्या पद्धतीत चूक दोन्हीकडे होते म्हणून फिटते. कापण्यात फिटत नाही.

हळदपेठ | मंगळवार, रात्री ९:०५

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. दिवाणजींना विचारलं. ते म्हणाले, "पट्टी पूर्ण रुपयातच जाते, पहिल्यापासून." पेढीवर सगळ्यांना हे इतकं माहीत आहे की कुणी बोलून दाखवत नाही.

मग प्रत्येक पट्टीला पायथनचं राउंड लावून बेरीज केली. आता ६१,४८,२०० आली. फरक ३ रुपयांचा. बरोब्बर तीन, पैसे नाहीत. आता काय?

तासगावची_पोर | मंगळवार, रात्री ९:२२

ज्या पट्ट्यांत नेमके ५० पैसे येतात त्या शोध. पायथनचं राउंड अर्ध्यावर आलं की जवळच्या सम संख्येकडे जातं. ५० किलो आणि दर १४,३२५ धर, ७,१६२.५० होतात. दिवाणजी ७,१६३ लिहिणार, पायथन ७,१६२ देणार. ७,१६३.५० असते तर दोघेही ७,१६४ म्हणाले असते. ही पद्धत मुद्दाम ठेवलेली आहे, म्हणजे खूप आकड्यांत अर्धे वर आणि अर्धे खाली जाऊन बेरीज एका बाजूला कलत नाही. पण तुमच्या पेढीची रीत ती नाही.

जुनी_खतावणी | मंगळवार, रात्री ९:४०

मुलीनं बरोबर पकडलं. हिशेबात फ्लोट आणूच नका. वजन १०० ग्रॅमच्या मापात पूर्णांक करा: ५०.३ किलो म्हणजे ५०३. काटा तेवढंच दाखवतो, पुढचं नाही. दर पूर्ण रुपयांत आहेच. ५०३ गुणिले १४,३५० म्हणजे ७२,१८,०५०. त्यात ५०० मिळवा आणि १,००० नं पूर्णांक भागाकार करा. ७,२१८ आले. ५०० मिळवल्यामुळे अर्धा रुपया आपोआप वर जातो, आणि कुठेही दशांश नाही.

हळदपेठ | मंगळवार, रात्री १०:१८

नेमक्या ५० पैशांच्या आणि सम रुपयाच्या तीनच पट्ट्या निघाल्या. काकांच्या पद्धतीनं केलं. ६१,४८,२०३.

आता सध्याचा प्रोग्राम असा आहे, मराठीत लिहितो:

प्रत्येक पट्टीसाठी: रक्कम = (वजन × दर + ५००) ला १,००० नं पूर्णांक भाग
बेरीज = सगळ्या रकमांचा सम

लूप की सम याचं उत्तर मला यात दिसलं. पट्टी पूर्ण करण्याची रीत मी स्वतः लिहिली, मिळवण्याचं काम समवर सोडलं.

वर्गातला_फळा | मंगळवार, रात्री १०:२६

अगदी बरोबर विभागणी केलीत. तुमच्या सरांनाही हे दाखवा, त्यांना आनंद होईल.

सेमीकोलन | मंगळवार, रात्री १०:३०

माझं पहिल्याच प्रतिसादातलं उत्तर तेच होतं. पण काकांचा प्रतिसाद आला नसता तर त्या उत्तराचा काही उपयोग नव्हता, हेही खरं.

हळदपेठ | बुधवार, सकाळी ८:४५

आणखी एक विचारतो. मालकांना आता शेतकरीवार बेरीज हवी आहे. एकाच शेतकऱ्याच्या पाच-सहा पट्ट्या असतात. दर शेतकऱ्यासाठी पूर्ण लिस्ट फिरून बघायची का?

तासगावची_पोर | बुधवार, सकाळी ९:००

नको. डिक्शनरी (प्रत्येक 'की'समोर एक किंमत ठेवणारी यादी) घे, शेतकऱ्याचा खाते क्रमांक ही की. लिस्टवरून एकदाच फिर, प्रत्येक पट्टीची रक्कम त्या खात्यात मिळव. खातं पहिल्यांदाच दिसलं तर शून्यापासून सुरू. डिफॉल्टडिक्ट घेतलंस तर ते शून्य आपोआप मिळतं. नावावरून करू नकोस, एकाच गावात एकाच नावाचे दोघे निघतात.

जुनी_खतावणी | बुधवार, सकाळी ९:३५

आणि शेवटी सगळ्या खात्यांच्या बेरजांची बेरीज करून ती ६१,४८,२०३ शी ताडून बघा. किर्दीवरून (रोजच्या नोंदींची वही) एकदा, खतावणीवरून (खातेवार वही) एकदा. आम्ही हे रोज दुकान बंद करण्याआधी करायचो. जुळली नाही तर आधी खाते क्रमांक रिकामा राहिलेल्या पट्ट्या शोधा, बहुतेक तिथेच सापडतं.

हळदपेठ | बुधवार, दुपारी १:१०

जुळली नाही काका, १४,९१८ रुपयांनी कमी येत होती. एका पट्टीवर खाते क्रमांक नव्हता आणि माझा प्रोग्राम ती ओळ सोडून जात होता. दिवाणजींनी वही बघून क्रमांक सांगितला. आता दोन्ही सारख्या.

आटपाडीचा_ऊन्हाळा | बुधवार, दुपारी १:३०

आमच्याकडं डाळिंबाच्या क्रेटांचा हिशेब असाच करायचा आहे, पण त्यात दर प्रतवारीनुसार बदलतो. इथंच विचारू की नवीन धागा काढू?

तासगावची_पोर | बुधवार, दुपारी १:३४

नवीन काढा, आणि पहिल्या पोस्टमध्येच लिहा की रक्कम कुठल्या पायरीला पूर्ण करता.